कोठडीतून गेलेले पोस्टकार्ड : ऑटो लोवी यांचे जीवन

नर्सिंग, फार्मसी, बीएससी किंवा एमबीबीएस करणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला ऑटो लोवी कोण, असे विचारले तर बहुधा एकच उत्तर मिळते. बेडकांची दोन हृदये आणि रात्री पडलेले एक स्वप्न. पाठ्यपुस्तकात या माणसाच्या वाट्याला तीन-चार ओळी येतात, त्यात एवढेच असते. ते खोटे नाही. पण ज्या माणसाने मज्जातंतू रसायनाच्या भाषेत बोलतात हे दाखवून दिले, त्याला वयाच्या पासष्टाव्या वर्षी केवळ जन्मामुळे मध्यरात्री घरातून उचलून तुरुंगात टाकण्यात आले, हे त्या ओळींत नसते. कोठडीत जिवाची खात्री नसताना त्याने सर्वात आधी काय मागितले, हेही नसते.

आम्ही समाजशास्त्र शिकलेलो आणि समाजकार्यात पडलेलो. जैवरसायन हा आमचा विषय नव्हे. तरीही लोवींचे आयुष्य आम्हाला आमच्या कामाच्या जवळचे वाटते. त्याची दोन कारणे आहेत. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणारी व्यवस्था विद्यापीठाच्या आत कशी शिरते, हे या आयुष्यात स्पष्ट दिसते. आणि त्यांच्या प्रयोगशाळेतल्या शोधाचा धागा थेट आमच्या विदर्भातल्या कपाशीच्या शेतापर्यंत येतो.

ऑटो लोवी यांचा जन्म ३ जून १८७३ रोजी जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील याकोब हे दारूचे व्यापारी होते. मुलाचा ओढा भाषा, चित्रे, संगीत यांकडे होता आणि त्याला कलेचा इतिहास शिकायचा होता. घरच्यांना मात्र पोट भरणारी विद्या हवी होती. त्यांच्या आग्रहाखातर १८९१ मध्ये लोवींनी स्ट्रासबुर्ग विद्यापीठात वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला. तिथे शरीरशास्त्राचे तास चुकवून ते तत्त्वज्ञान आणि वास्तुकलेची व्याख्याने ऐकायला जाऊन बसत. पहिली मोठी परीक्षा ते कसेबसे पास झाले. पुढे अभ्यासात मन रमले. डॉक्टरकीच्या प्रबंधासाठी त्यांनी बेडकाच्या शरीराबाहेर काढलेल्या हृदयावर विषारी पदार्थांचा काय परिणाम होतो हे तपासले. १८९६ मध्ये पदवी मिळाली. बेडकाच्या हृदयाशी त्यांची ओळख झाली ती तेव्हापासून. ती स्वप्नातून आलेली नव्हती.

पदवीनंतर ते फ्रँकफर्टच्या रुग्णालयात रुजू झाले. तो काळ क्षयरोग आणि न्यूमोनियावर हमखास औषध नसण्याचा होता. वॉर्डात रोज माणसे मरत आणि डॉक्टरांना उशाशी उभे राहून बघण्यापलीकडे काही करता येत नसे. बहुतेक डॉक्टर ही गोष्ट पचवायला शिकतात. लोवींना ती पचली नाही. औषध नाही तर औषध कसे काम करते हे शोधणारी विद्या शिकावी, असे त्यांनी ठरवले आणि रुग्णसेवा सोडून ते प्रयोगशाळेत गेले. हा निर्णय घेण्याआधीच्या काळात त्यांनी रसायनशास्त्राचे वेगळे धडे घेतले होते आणि स्ट्रासबुर्गला फ्रान्झ हॉफमाइस्टर यांच्या हाताखाली शरीराच्या रसायनशास्त्राचेही काम केले होते. त्या तयारीचा आता उपयोग झाला.

१८९८ मध्ये ते मारबुर्ग विद्यापीठात औषधशास्त्राचे नामांकित प्राध्यापक हान्स होर्स्ट मायर यांचे सहायक झाले. लोवींचे पहिले मोठे काम इथले, आणि ते शुद्ध जैवरसायनातले होते. प्राण्याचे शरीर स्वतः प्रथिने तयार करू शकते की अन्नातून आयती घेते, असा वाद तेव्हा चालू होता. लोवींनी कुत्र्यांना अख्खी प्रथिने न देता ती आधीच पचवून त्यांचे तुकडे दिले. एवढ्यावरही कुत्र्यांच्या शरीरातील नायट्रोजनचा ताळेबंद टिकला. म्हणजे शरीर या लहान घटकांपासून आपली प्रथिने आपणच बांधते. १९०२ मध्ये हे निष्कर्ष छापून आले. आज ही गोष्ट शाळेतल्या मुलांना माहीत असते, तेव्हा ती नवी होती.

त्याच सुमारास ते काही महिने लंडनला जाऊन राहिले. तिथे हेन्री डेल या तरुण शास्त्रज्ञाशी त्यांची ओळख झाली. ही मैत्री पुढे साठ वर्षे टिकली आणि एका वळणावर आधाराची ठरली. मारबुर्गला परतल्यावर, १९०३ मध्ये, एका इंग्रज सहकाऱ्याशी बोलताना लोवींना एक शंका सुचली. मज्जातंतूच्या टोकाला पोचलेला संदेश पुढच्या अवयवापर्यंत कसा जातो? विजेच्या ठिणगीसारखा उडी मारतो, की तंतूच्या टोकातून एखादे रसायन बाहेर पडून ते काम करते? शंका तपासायची कशी हे तेव्हा उमगले नाही आणि ती मनाच्या कोपऱ्यात पडून राहिली.

व्हिएन्नात काही वर्षे काढून १९०९ मध्ये लोवी ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. पुढची एकोणतीस वर्षे ते तिथेच होते. पत्नी गुइडा, चार मुले, वैद्यकाचे विद्यार्थी आणि प्रयोगशाळा, असे त्यांचे जग होते. उत्तम शिकवणारा प्राध्यापक अशी त्यांची ख्याती होती. आपण जे शोधतो ते वर्गात समजावून सांगता आले पाहिजे, अशा पठडीतले ते शिक्षक होते.

आता तो प्रसिद्ध प्रयोग. ईस्टरच्या आदल्या रात्री लोवींना झोपेत एक कल्पना सुचली. जाग आल्यावर त्यांनी कागदाच्या चिटोऱ्यावर काहीतरी खरडले आणि पुन्हा झोपी गेले. सकाळी स्वतःचेच अक्षर त्यांना लागेना. दुसऱ्या रात्री पहाटे तीनच्या सुमारास तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी ते कागदाच्या भानगडीत पडले नाहीत, उठून थेट प्रयोगशाळेत गेले.

प्रयोग असा. बेडकांची दोन हृदये शरीराबाहेर काढली. मिठाच्या विशिष्ट द्रावणात अशी हृदये काही काळ धडधडत राहतात. पहिल्या हृदयाला व्हेगस हा मज्जातंतू जोडलेला ठेवला, दुसऱ्याचे तंतू काढून टाकले. पहिल्याच्या व्हेगसला विजेने डिवचले की ठोके मंदावतात, हे आधीच माहीत होते. ते मंदावल्यावर त्या हृदयातले द्रावण काढून दुसऱ्या हृदयात घातले. दुसऱ्या हृदयाला तंतूच नव्हता, कोणी त्याला डिवचलेही नव्हते. तरी तेही मंदावले. ठोके वाढवणाऱ्या तंतूला डिवचून तेच केले, तेव्हा दुसरे हृदय जोरात चालू लागले. याचा अर्थ, तंतूच्या टोकातून काहीतरी द्रावणात उतरले होते आणि निरोप त्या पदार्थाने पोचवला होता. १९२१ मध्ये हा शोध छापून आला.

स्वप्नाची गोष्ट सांगायला सोपी असते, म्हणून ती सगळीकडे सांगितली जाते. पण आमच्या वस्त्यांमधल्या विद्यार्थ्यांनी ती जरा जपून ऐकावी, असे आम्हाला वाटते. ती ऐकून असा समज होतो की शोध लावणारी माणसे वेगळ्या मातीची असतात, त्यांना झोपेत उत्तरे मिळतात आणि आपल्याला मिळत नाहीत. खरे तर प्रबंधासाठी केलेले काम पंचवीस वर्षांपूर्वीचे होते, शंका सतरा-अठरा वर्षांपूर्वीची होती आणि बेडकाच्या हृदयाची हीच पद्धत लोवींनी काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका प्रश्नासाठी वापरलेली होती. त्या रात्री फक्त सगळे एका जागी आले.

प्रयोग जाहीर झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असेही झाले नाही. अनेकांना तो करून पाहता आला नाही. बेडकाची जात, ऋतू, तापमान यांवर बरेच काही अवलंबून होते. लोवी चिडून बसले नाहीत. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी जमलेल्या शास्त्रज्ञांसमोर तो प्रयोग अठरा वेळा करून दाखवला. सहकारी नावरातिल यांच्यासोबत त्यांनी पुढचे काम नेटाने केले. तंतूतून निघणारा पदार्थ फार लवकर नाहीसा होतो, कारण शरीरातले एक एन्झाइम त्याचे तुकडे करते, हे त्यांनी दाखवले. एसेरिन या वनस्पतिजन्य विषाने ते एन्झाइम बंद पडते आणि पदार्थाचा परिणाम लांबतो, हेही दाखवले. धोतऱ्याच्या कुळातील वनस्पतीपासून मिळणारे ॲट्रोपिन त्या पदार्थाला बाहेर पडण्यापासून रोखत नाही, पण हृदयावरचा त्याचा परिणाम अडवते, हेही त्यांच्याच कामातून कळले. तो पदार्थ म्हणजे ॲसिटिलकोलीन. त्याचे गुणधर्म डेल यांनी १९१४ मध्येच तपासून ठेवले होते. एसेरिन आणि ॲट्रोपिन ही दोन नावे वाचकांनी लक्षात ठेवावीत, पुढे त्यांचे काम आहे.

१९३६ मध्ये लोवी आणि डेल यांना वैद्यकाचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याच वर्षी भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवणारे व्हिक्टर हेस १९३७ मध्ये ग्राझला आले. एर्विन श्रोडिंगर हेही तेव्हा तिथेच शिकवत होते. एका मध्यम आकाराच्या विद्यापीठात एकाच वेळी तीन नोबेल विजेते, हे भाग्य फार थोड्या शहरांना लाभते.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. १२ मार्चला पहाटे तीन वाजता नाझींचे दहा-बारा हत्यारबंद तरुण लोवींच्या झोपायच्या खोलीत घुसले. त्यांना गाडीत घालून शहराच्या तुरुंगात नेण्यात आले. त्याच दिवशी त्यांच्या दोन मुलांनाही तिथे आणले. शहरातल्या इतर ज्यू पुरुषांचीही हीच गत झाली. कोणावर काही आरोप नव्हता. ज्यू म्हणून जन्मणे हाच गुन्हा होता. नोबेल पारितोषिक, एकोणतीस वर्षांची नोकरी, शिकवून बाहेर पाठवलेल्या डॉक्टरांच्या पिढ्या, यातले काहीही त्या रात्री कामाला आले नाही. गुणवत्ता सिद्ध केली की जन्माचा डाग पुसला जातो, असे आपल्याला अनेकदा सांगितले जाते. लोवींनी जगात जी सर्वात मोठी समजली जाते ती गुणवत्ता सिद्ध करून दाखवली होती.

बंदुका पाहिल्या तेव्हाच लोवींना वाटले होते की आता आपल्याला मारणार. कोठडीत झोप लागेना. एकच विचार छळत होता, की शेवटच्या प्रयोगांचे निष्कर्ष अजून छापायचे राहिले आहेत आणि आपण मेलो तर तेही संपतील. त्यांनी पहारेकऱ्यांकडे पुन्हा पुन्हा विनंती केली. काही दिवसांनी परवानगी मिळाली. त्यांनी ते निष्कर्ष एका पोस्टकार्डात बसवले आणि ते कार्ड एका विज्ञान नियतकालिकाच्या पत्त्यावर पाठवायला दिले. कार्ड हातातून गेल्यावर मनावरचे ओझे उतरले, अशी आठवण त्यांनी पुढे नोंदवून ठेवली आहे.

आम्हाला हा प्रसंग स्वप्नापेक्षा कितीतरी मोठा वाटतो. आपल्याला कळले ते दुसऱ्यांच्या हाती पोचले पाहिजे, नाहीतर कळून उपयोग नाही, ही शिक्षकाची वृत्ती आहे. ती त्यांच्यात इतकी मुरलेली होती की मरणाच्या भीतीतही त्यांनी सुटकेच्या अर्जाआधी शोधाची चिंता केली.

दोन महिन्यांनी लोवी सुटले. देश सोडायची परवानगी मात्र फुकट मिळाली नाही. नोबेलची रक्कम स्टॉकहोमच्या बँकेत होती. ती नाझींच्या ताब्यातील बँकेत वळती करायला त्यांना भाग पाडण्यात आले, तेव्हा कुठे सप्टेंबर १९३८ मध्ये ते एकटे बाहेर पडले. पत्नी गुइडा यांना मागे अडकवून ठेवले, कारण त्यांच्या नावे इटलीत मालमत्ता होती आणि तीही उकळायची होती. पती-पत्नींची भेट व्हायला १९४१ उजाडले. इकडे विद्यापीठात हेस यांनाही काढले गेले, त्यांची पत्नी ज्यू होती. श्रोडिंगर यांनाही काढून टाकले. १९३८ संपले तेव्हा ग्राझमध्ये तिघांपैकी एकही उरला नव्हता. विद्यापीठाच्या इमारती, वर्ग, वेळापत्रके मात्र तशीच चालू राहिली. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी या शेवटच्या गोष्टीकडे बघावे. बहिष्कार असा शांतपणेही राबवला जातो.

लंडनमध्ये डेल यांनी मित्राला आधार दिला. पुढे ब्रुसेल्स, मग युद्ध सुरू झाल्यावर ऑक्सफर्ड आणि १९४० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील संशोधक प्राध्यापकाची जागा, असा प्रवास झाला. अमेरिकेच्या प्रवेशासाठी वैद्यकीय तपासणी झाली होती. जहाजावर लोवींनी आपले कागद चाळले, तेव्हा डॉक्टरने म्हातारपणामुळे हा माणूस स्वतःचे पोट भरू शकणार नाही असा शेरा मारलेला दिसला. बंदरावर परत पाठवतील या धास्तीने ते उतरले. सुदैवाने तिथल्या अधिकाऱ्याने त्या शेऱ्याकडे लक्ष दिले नाही. पोट भरू न शकणारा हा म्हातारा त्यानंतर अनेक वर्षे विद्यार्थ्यांत वावरला, उन्हाळ्यात वूड्स होल या समुद्रकाठच्या संशोधन केंद्रात तरुणांशी तासन्‌तास बोलत बसला. १९४६ मध्ये त्यांना अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. २५ डिसेंबर १९६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

लोवींचा प्रयोग हृदयावरचा होता, मग मेंदूच्या रसायनशास्त्रात त्यांचे नाव का, असा प्रश्न कोणी विचारेल. मेंदूतही संदेश रसायनानेच जातो का, यावर बराच काळ भांडण चालले. विजेच्या बाजूचे मोठे पुढारी जॉन एकल्स यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच्या प्रयोगानंतर आपली बाजू सोडली. त्यानंतर दार उघडले. स्वीडनमध्ये डोपामीनचे महत्त्व कळले. १९६० मध्ये व्हिएन्नाच्या होर्निकीविच यांनी कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन फार कमी असते हे दाखवले आणि त्यातून उपचार निघाला. १९७० च्या दशकात स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर आजारात ॲसिटिलकोलीन बनवणारी यंत्रणा ढासळते हे आढळले. आज अशा रुग्णांना दिले जाणारे डोनेपेझिल हे औषध आजार बरा करत नाही, पण ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमला आवरून काही काळ मदत करते. लोवींनी एसेरिन वापरून बेडकाच्या हृदयात जे पाहिले, तेच हे तत्त्व. नैराश्य किंवा फिट्स येणाऱ्या माणसाला आजही आपल्याकडे अंगारे-धुपारे करायला नेले जाते. या आजारांमागे मेंदूतील रसायनांचाही भाग असतो आणि त्यावर औषधे आहेत, हे घरोघरी सांगताना आमच्या पाठीशी ही सगळी परंपरा असते.

त्याच तत्त्वाची दुसरी बाजू भयंकर आहे. लोवींना नोबेल मिळाले त्याच डिसेंबर १९३६ मध्ये जर्मनीतील गेरहार्ड श्रेडर हे रसायनतज्ज्ञ कीटकनाशक शोधत होते आणि त्यांच्या हाती टाबून लागले. तो पहिला नर्व्ह गॅस. ॲसिटिलकोलीन तोडणारे एन्झाइम तो बंद पाडतो. शरीरभर ॲसिटिलकोलीन साचते, लाळ आणि घाम सुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू थरथरतात, छाती भरून येते आणि श्वास थांबतो. याच कुळातील सौम्य भावंडे ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके म्हणून आपल्या कृषी केंद्रांत मिळतात.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तिथे वापरलेली सगळीच औषधे या गटातली नव्हती, पण मोनोक्रोटोफॉससारखी या गटातली औषधेही त्यात होती. पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या वाढलेल्या पऱ्हाटीत शिरणारा माणूस बहुतेकदा दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारा असतो. त्याच्या तोंडाला रुमाल असतो, हातात मोजे नसतात आणि डब्यावरची बारीक अक्षरे वाचायला त्याला कोणी वेळ देत नाही.

या विषबाधेवर डॉक्टर पहिल्यांदा जे इंजेक्शन देतात ते ॲट्रोपिन. लोवींनी ज्याच्या कामाची रीत बेडकाच्या हृदयावर उलगडली, तेच. म्हणून फवारणीच्या दिवसांत आम्ही गावांत एवढेच सांगत असतो. मळमळ, लाळ, अंधुक दिसणे, धाप, अंगाला थरथर जाणवली की काम तिथेच थांबवा. कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग धुवा. लिंबू-पाणी, ताक यांत वेळ घालवू नका, ताबडतोब दवाखाना गाठा आणि औषधाचा डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्या, कारण डॉक्टरला विष कोणत्या गटातले हे कळले तर योग्य उतारा लवकर मिळतो.

शंभर वर्षांपूर्वी ग्राझमध्ये कळलेली ही गोष्ट मजुराच्या झोपडीपर्यंत अजून पुरती पोचलेली नाही. आज जैवरसायनाच्या वर्गात बसणाऱ्या आमच्या मुलामुलींपैकी अनेकांचे आईवडील किंवा आजोबा याच पंपाखाली वाकलेले आहेत. ॲसिटिलकोलीनचा धडा त्यांना परीक्षेत पाच-दहा गुण देईल. सुट्टीत घरी गेल्यावर तोच धडा त्यांनी ओट्यावर बसून, आपल्या बोलीत, फवारणीला जाणाऱ्या माणसांना समजावून सांगावा. लोवींनी कोठडीतून पाठवलेल्या पोस्टकार्डाचा पुढचा पत्ता तोच आहे.